अंदमानकाकांची अर्धी शिट्टी

अंदमानकाका शिट्टी वाजवता वाजवता मध्येच थांबायचे. दम लागला म्हणून नव्हे. सात-आठ सूर वर चढत जायचे, एका जागी ठेपायचे, मग आपण चहाचा एक घोट गिळू इतका वेळ काहीच नाही, आणि मग शेवटचे चार सूर सावकाश खाली उतरायचे. रोज पहाटे, क्वार्टरच्या मागच्या पायरीवर बसून. त्यांच्या आणि आमच्या क्वार्टरमध्ये कंबरेएवढी भिंत होती. त्यामुळे माझं सगळं लहानपण त्या शिट्टीनं जागं झालं, आणि कित्येक वर्षं माझी समजूत होती की हे गाणंच असं आहे, मध्ये भोक पडलेलं.

कोराडीच्या कॉलनीत राहणाऱ्याला पॉवर हाऊसची घरघर ऐकू येत नाही. जन्मापासून ती कानात असते, तिची दखल कोण घेणार? मला ती दिवसातून एकदाच ऐकू यायची, काकांच्या शिट्टीतल्या त्या रिकाम्या जागेत. सूर थांबले की एकदम ती घरघर, कुठल्यातरी कोळशाच्या ट्रकनं गिअर बदलल्याचा आवाज, आणि काकूंनी मोरीत बादलीवर सोडलेला नळ. नळाचं मला तेव्हा काही विशेष वाटलं नव्हतं.

काकांचं खरं नाव कामावरच्या हजेरीपुरतं होतं. माणूस मूळचा नागपुरातल्या इंदोऱ्याचा. तरुणपणी एका ठेकेदाराबरोबर अंदमानात गेला, एका बेटावरच्या लहानशा वीजघरात डिझेल इंजिन बसवायला. काम तीन आठवड्यांचं होतं. हे राहिले नऊ वर्षं. "इंजिन बसलं, त्याच्यासंग मीबी बसलो," असं सांगायचे. लग्न करून काकूंनाही तिकडेच नेलं. मग एका वर्षी दोघंच परत आले, आमच्याकडे फिटर म्हणून लागले, आणि कॉलनीनं त्यांचा अंदमान करून टाकला. टिंगल करणाऱ्यांना तर आयतंच मिळालं. शिफ्टला जाताना कोणी ना कोणी सायकलवरून ओरडायचं, "काहून गा अंदमान, काय गुन्हा केला होता?" काका दोन्ही हात वर करून म्हणायचे, "इंजिन बिघडवलं होतं साहेब!" तोच प्रश्न, तेच उत्तर, वर्षानुवर्षं, आणि दोन्हीकडचे लोक दर वेळी हसायचे.

त्यांच्याकडे छत्री नव्हती. कधीच नव्हती. नागपुरात पाऊस कोसळायला लागला, नाल्याचं पाणी रस्त्यावर आलं, शाळा सुटल्या, तरी हे आपले भिजत सायकल ढकलत येणार. आई म्हणायची, "अहो भाऊजी, आजारी पडाल." त्यावर काका आकाशाकडे बघून तोंड वाकडं करायचे. "ह्याले पाऊस म्हनता तुम्ही वहिनी? हे तं शिंतोडे होये." तिकडे आठ-आठ महिने कपडे वाळत नसत, आणि इकडे वाळतात तर राखेनं काळे होतात, यावर त्यांची नेहमीची तक्रार असे. "माह्या नशिबात धुतलेला शर्ट नाही," असं म्हणत ते तारेवरचा शर्ट दोनदा झटकायचे, हुंगायचे आणि तसाच घालायचे.

आम्ही पोरं त्यांना त्या शिट्टीबद्दल विचारायचो. ते सांगायचे की एका पाखराची आहे, तिथल्या जंगलातल्या. पाखरू कसं दिसतं, हा आमचा पुढचा प्रश्न. "दिसाले उजेड पाह्यजे ना? तिथलं जंगल म्हनजे भर दुपारी संध्याकाळ. झाडाच्या बुडाशी उभं राह्यलं तं शेंडा दिसत नाही. ते कुठीतरी खाली झुडपात बसे आन गाये. शामा म्हनत त्याले. मी नऊ वर्षं आयकलं, पन नीट असं पाह्यलं नाही." एवढं बोलून ते चप्पल पायात सरळ करत बसायचे. "पाह्यनारं कोनी वेगळंच होतं," असं एकदा त्यांच्या तोंडून निघून गेलं. कोण, ते सांगितलं नाही, आणि आमच्यापैकी कोणी विचारलंही नाही. पोरांना पाखरांत रस असतो, माणसांत नाही.

मी अकरा वर्षांची असताना शिट्टी वाजवायला शिकले. मुलीच्या जातीनं शिट्टी म्हणून आईनं दोनदा पाठीत धपाटा घातला, पण मी न्हाणीघरात नळ सोडून सराव करायची. एके दिवशी पहाटे भिंतीच्या अलीकडे दबा धरून बसले. काकांचे सूर चढले, थांबले, आणि त्या भोकात मी माझे चार सूर टाकले. माझ्याच मनचे, काहीतरी फालतू. त्यांची मोठी गंमत करावी, एवढाच माझा विचार होता.

पलीकडे काहीतरी पडलं. काका भिंतीपाशी धावत आले ते एका पायात चप्पल घालून. मी आजही तो चेहरा विसरू शकत नाही. त्यांनी भिंतीवरून खाली वाकून पाहिलं आणि मी दिसले. मी दिसल्यावर त्या चेहऱ्यावरून जे निघून गेलं ते पाहून मला रडूच आलं. मला वाटलं आता ओरडणार. ते ओरडले नाहीत. भिंतीला पाठ लावून पलीकडे मटकन खाली बसले, म्हणजे मला नुसते त्यांचे केस दिसत होते. तिथूनच म्हणाले, "नको करू वं बेटा असं. ती जागा भरलेली हाये."

त्या दिवशी काकूंनी मला आत बोलावलं, चहात बुडवायला टोस्ट दिला, आणि ओट्याजवळ उभ्या राहून, माझ्याकडे न बघता सांगितलं. त्यांना एक मुलगी होती. सुजाता. बेटावरच जन्मली, बेटावरच वाढली, सात वर्षांची झाली. वीजघराच्या मागं जंगल सुरू व्हायचं, तिथं बाप-लेक संध्याकाळी जाऊन बसत. पाखरू गाये, हे दोघं त्याची नक्कल करत. "पयलं तिचा बाबा वाजवे. मंग मधलं ती वाजवे. मंग शेवटचं दोघं मिळून. मी भात टाकता टाकता आयको. घरी येऊन मले सांगे, आई, त्याचं पोट पांढरं हाये, बाबाच्या बनियनसारखं. पोरीले दिसे ते. लहान होती ना, झुडपात घुसे." मग ताप आला. डॉक्टर दुसऱ्या बेटावरून बोटीनं येत असे. समुद्र खवळलेला होता, तीन दिवस बोट आली नाही. चौथ्या दिवशी आली तेव्हा उपयोग नव्हता. नारळाच्या बागेच्या कडेला तिला ठेवलं आणि सहा महिन्यांनी ही दोघं इकडे आली.

"म्हनून मी नळ सोडते सकाळी," काकू म्हणाल्या. "त्याहिले थांबव म्हनता येत नाही, आन मले आयकवत नाही. सांगू नको त्याहिले."

मी सांगितलं नाही. पण त्यानंतर ती शिट्टी मला पुन्हा पूर्वीसारखी कधी ऐकू आली नाही. पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या मी त्या थांबण्याची वाट पाहायची. सूर ठेपले की वाटायचं, आता तिथं पायरीवर काकांच्या शेजारी कोणीतरी आहे. कंबरेएवढ्या भिंतीवरून सहज पाहता आलं असतं. मी कधी पाहिलं नाही. भीती वाटायची असं नाही, खरं सांगायचं तर हेवा वाटायचा. माझ्या बापानं माझ्यासाठी इतकं थांबून कधी ऐकलं नव्हतं. मी बारा वर्षांची झाले, पंधराची झाले, सायकलवरून कॉलेजला जायला लागले, आणि पलीकडची ती सातच वर्षांची राहिली.

पुढं बाबा निवृत्त झाले आणि आम्ही शहरात आलो. मी गांधीबागेजवळच्या एका शाळेत शिक्षिका झाले. कापडाच्या गठ्ठ्यांच्या हातगाड्यांतून वाट काढत रोज वर्गावर पोचायचं, आणि रविवारी पक्षी पाहायला जायचं, अशी माझी वर्षं गेली. पक्ष्यांचा नाद कोणी लावला, हे कोणाला वेगळं सांगायला नको. आमच्या रविवारच्या मंडळींचा एक नियम होता. पक्षी नुसता ऐकू आला, दिसला नाही, तर त्याचं नाव यादीत तसंच चढवायचं नाही. मोबाईलवरचं त्याचं ध्वनिमुद्रण काढायचं, कानाला लावायचं, सूर न् सूर जुळला तरच नोंद. जुळला नाही तर खोडायचं. या बाबतीत मी फारच कडक. मंडळी म्हणायची, बाई कावळ्याकडेही पुरावा मागतात. मला त्यात भूषणच वाटायचं. चूक आणि बरोबर यांतला फरक आपल्याला कळतो, याचा माणसाला फार लवकर गर्व होतो.

काका निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून कोराडीतच दोन खोल्या बांधून राहिले. महिन्यातून एखाद्या रविवारी मी दुपारच्या बसनं त्यांच्याकडे जायची. काकूंच्या हातचं वांग्याचं भरीत खायचं, काकांशी पाखरांच्या गप्पा मारायच्या. शामाची माहिती मीच त्यांना पुरवली होती. आपल्या जंगलातल्या शामाचं पोट तांबूस असतं, आणि अंदमानातला वेगळा, फक्त त्या बेटांवरच सापडणारा, त्याचं पोट पांढरं. हे मी पुस्तकातून वाचून दाखवलं तेव्हा काका मांडीवर थाप मारून काकूंना म्हणाले, "आयकलं का वं? पोरगी बराबर सांगे!" सुजाताचं नाव न घेता तिचा उल्लेख त्यांनी काकूंसमोर केलेला मी पहिल्यांदाच ऐकला. काकू पातेलं घेऊन आत गेल्या.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. उन्हाळा नुकता सरत होता. काकू शेजारी कोणाकडे गेल्या होत्या. काका ओसरीवर बसून नखानं खुर्चीचा रंग खरवडत होते. एकदम म्हणाले, "बेटा, एक गोष्ट हाये. तुह्या काकूले सांगू नको."

मी मनात म्हटलं, या घरात प्रत्येक जण दुसऱ्याला सांगू नको म्हणूनच मला सांगतो.

"मी थांबतो ना मधात," ते म्हणाले, "तुले वाटत असन मी पोरीसाठी जागा सोडली. तसं नाही ते. मले आयकू येते. तिचा तुकडा. इथं डोक्यात बराबर वाजते, तो वाजून झाला का मंग मी पुढचं घेतो. इतके वर्षं एक दिवस चुकला नाही. पन आता काही दिवसांपासून कधी कधी वाजतच नाही. मी थांबतो, थांबतो, काहीच नाही. नुसता नळ आयकू येते."

मी पुढं सरकून बसले. ते म्हणाले, "फोटो नाही वं आमच्याजवळ तिचा. एक होता, तो तिथल्या ओलीनं खराब झाला. चेहरा तं मले बी आता पुरता आठवत नाही. हेच एक हाये. हे गेलं तं ती गेली. माहं वय झालं. म्हनून तुह्याजवळ ठेवून देतो. तू ध्यानात ठेव."

आणि त्यांनी सुजाताचा तुकडा वाजवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिचे पुढचे दोन दात पडलेले होते तेव्हा. हवा निसटून जायची. पहिले दोन सूर नीट, तिसरा तिला धरता यायचा नाही, तो घसरून खाली जायचा, की तिला हसू यायचं, आणि हसता हसताच ती चौथा सूर काढायची. काकांनी ओठ जरा बाजूला ओढून ती निसटणारी हवासुद्धा काढली. सत्तरी ओलांडलेला तो माणूस, पांढऱ्या मिशा, आणि त्या मिशांखालून दात पडलेली सात वर्षांची पोर हसत शिट्टी वाजवत होती. त्यांनी पुन्हा एकदा वाजवलं. मग म्हणाले, "राह्यलं का ध्यानात?" मी हो म्हटलं.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना माझा हात जड होतो. माझा मोबाईल माझ्या हातात होता. त्यात आवाज मुद्रित करायची सोय होती. पावश्याच्या पिल्लापासून घुबडाच्या फुत्कारापर्यंत वाटेल ते मी त्यात भरून ठेवत असे. त्या दिवशी एक बटण दाबायचं होतं. मी दाबलं नाही. विसरले असं नाही. माझ्या मनात जे आलं ते मला स्वच्छ आठवतं. मी मनाशी म्हटलं, तिसरा सूर चुकलाय. लहान मुलीनं केलेली चुकीची नक्कल, तीही एका म्हाताऱ्यानं अर्धवट आठवलेली. याचं काय करायचं? आपण यांना मूळ आणून देऊ. मूळ पाखरू ऐकलं की यांना सगळं बरोबर आठवेल.

आधी मी त्यांना पेंचच्या जंगलात नेलं. पारशिवनीच्या पुढं एका नाल्याच्या काठी बांबूत आपल्याकडचा शामा गातो, ते ठिकाण मला ठाऊक होतं. सकाळी जीप थांबवली, आणि नशीब असं की पाचच मिनिटांत तो गायला लागला. काका कानामागं हात धरून, डोळे मिटून ऐकत राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. संपल्यावर डोळे उघडून म्हणाले, "चांगला गाते. पन हा पारशिवनीचा हाये. आपला नाही." जीपचा ड्रायव्हर पोट धरून हसला. परत येताना पारशिवनीच्या स्टँडवर आम्ही आलूबोंडे खाल्ले. काका खूश होते. मी तिथंच थांबले असते तर!

पण मी कसली थांबते? पक्ष्यांचे आवाज जिथं जगभरचे लोक पाठवतात अशा एका संकेतस्थळावर मी अंदमानातले शामा शोधले. शामाचं गाणं ठरीव नसतं. प्रत्येकाची आपली मांडणी. काकांच्या शिट्टीशी जुळणारा हवा होता. पंधरा दिवस रोज शाळेतून आले की कानाला यंत्र लावून बसायची. एकेक मुद्रण वीस-वीस वेळा. शेवटी एक सापडला. कोणीतरी परक्या माणसानं कुठल्याशा बेटावर टिपलेला. वर चढणारे सूर अगदी काकांचे, खाली उतरणारे चारही अगदी काकांचे, आणि मध्ये तो तुकडा. तिसरा सूर न घसरता ताठ उभा. मी त्या आनंदात एकटीच खोलीत टाळ्या वाजवल्या.

रविवारी जाताना सोबत छोटा स्पीकर नेला. काकांना खुर्चीत बसवलं, काकूंनाही बोलावलं. त्या दाराच्या चौकटीपर्यंत आल्या, पुढे आल्या नाहीत. मी आवाज सुरू केला.

काका ताडकन उभे राहिले. "हाच! हाच हाये थो!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते हसत होते. "आयक वं, आयक, वीजघराच्या मागचा!" असं म्हणत त्यांनी काकूंचा हात धरून त्यांना ओढून आणलं. पुन्हा लाव म्हणाले. पुन्हा लावलं. किती वेळा लावलं ते मोजलं नाही, पण चहा तसाच गार झाला. मग मी ते त्यांच्या फोनवर घालून दिलं आणि कुठं दाबायचं ते तीनदा दाखवलं. बसमध्ये बसले तेव्हा माझ्याइतकं समाधानी माणूस त्या बसमध्ये दुसरं नव्हतं.

पुढच्या महिन्यात गेले तेव्हा काका ओसरीवर नव्हते. आत पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसले होते. फोन उशीखाली होता.

"काय झालं काका? बरं नाही का वाटून राह्यलं?"

"बरं हाये." मग फोन उशीखाली आणखी आत सारला. "बेटा, पोरीचा तुकडा गेला."

मला समजलं नाही. समजलं नाही असं मी त्या क्षणी स्वतःला सांगितलं.

"मी थांबतो ना मधात, आता रोज वाजते. एक दिवस नागा नाही. पन ते पाखरूच वाजते. एकदम साफ. एकबी सूर घसरत नाही. लई कोशिश केली वं. डोळे मिटतो, तिचे दात आठवतो, तिचं हसनं आठवतो. तोंड उघडलं का पाखरूच येते." मग ते माझ्याकडे वळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम हुशारी आली. "पन तुह्याजवळ ठेवला होता ना मी? वाजव बरं. तू वाजवला का मले पकडता येईन."

मी ओठ ओले केले. मला खात्री होती. त्या ओसरीवरची दुपार, त्यांच्या मिशा, खरवडलेली खुर्ची, सगळं डोळ्यांसमोर होतं. मी वाजवलं. पहिला सूर, दुसरा, आणि तिसरा, ताठ.

"हा नाही," काका म्हणाले.

मी पुन्हा वाजवलं. तिसरा सूर मुद्दाम खाली ओढला. तो चुकल्यासारखा वाटला, पण तिच्यासारखा चुकला नाही. कुठून घसरायचा, किती घसरायचा, हसू कुठं सुरू व्हायचं, काहीच हाताला लागेना. पंधरा दिवस मी जे कानात ओतून घेतलं होतं तेच बाहेर येत होतं. तिसऱ्यांदा वाजवलं. काका माझ्या ओठांकडे बघत होते, आजारी माणूस डॉक्टरकडे बघतो तसे. मग त्यांनी नजर काढून घेतली.

"असू दे," म्हणाले. "चहा घेऊन जाजो."

त्या दिवसानंतर ते पहाटे शिट्टी वाजवेनासे झाले. मागं पायरीवर बसायचे, पण गप्प. काकूंनी मला सांगितलं, सवयीनं त्या नळ सोडतात, बादली भरून वाहायला लागते, मग लक्षात येतं. एकदा मी धीर करून काकूंना विचारलं, तुम्हाला आठवतो का तिचा तुकडा? तुम्ही तर आई, तुम्ही भात टाकता टाकता ऐकायचात. काकू भाजी निवडत राहिल्या. म्हणाल्या, "मले त्या तीन दिवसाचं तिचं रडनं आठवते. त्याच्या मांगचं काही आयकूच येत नाही. नाही तं नळ काहून सोडला असता वं मी?"

हिवाळ्यात काका अंथरुणाला खिळले. छातीत कफ, दम पुरत नव्हता. मी शाळेतून सुट्टी काढून गेले. जाताना वाटेत ठरवलं होतं की आज पाय धरून माफी मागायची. तोपर्यंत मी ती मागितली नव्हती. मागितली तर जे झालं ते आमच्या दोघांच्या मध्ये कायमचं येऊन बसेल, असं वाटत होतं. त्यांच्या उशाशी बसले आणि रडायलाच लागले. एवढी शिकलेली बाई, वर्गात पोरांना दरडावणारी.

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. हातावर फिटरचे जुने चटके होते. श्वास घेत घेत, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "तू काहून रडतं? तुही काही चुकी नाही बेटा. तू चांगलंच केलं. पाखरू बराबरच होतं." थांबले. पुन्हा श्वास घेतला. "माही पोरगीच चुकत होती."

माझी समजूत घालण्यासाठी त्या माणसानं आपल्या मुलीला चूक ठरवलं. त्यांनी माझ्या थोबाडीत मारली असती तर मी आज सुखानं राहिले असते. मी "नाही काका, नाही" म्हणत राहिले, पण त्यांनी डोळे मिटले होते. ऐकलं की नाही, कोण जाणे. त्यानंतर पाच दिवसांनी ते गेले.

गेलेल्या माणसासाठी वंदना घेतात त्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी ओसरीवर माणसं मावत नव्हती. पॉवर हाऊसचे सगळे जुने लोक आले होते. अंदमान कसा होता, अंदमान काय म्हणायचा, याच्या आठवणी निघाल्या, लोक थोडे हसलेही. कोणीतरी त्यांच्या शिट्टीचा विषय काढला. एका म्हाताऱ्या माणसानं ती वाजवूनही दाखवली, वर चढणारे सूर, मग थांबला, मग खाली उतरणारे. त्यालाही ते गाणं तसंच वाटत होतं. मी उठून आत काकूंजवळ जाऊन बसले.

मी आता रविवारी पक्ष्यांना जात नाही असं नाही. जाते. यादीही करते. पण ते मुद्रण मी माझ्या फोनवरून काढून टाकलं, काकांच्या फोनवरूनही काढलं, आणि तरी ते कुठंच गेलेलं नाही. कुठल्यातरी बेटावरचं ते परकं पाखरू माझ्या डोक्यात रोज गातं, स्वच्छ आणि बिनचूक. जगात त्या मुलीचा तुकडा दोनच माणसांजवळ होता. एक गेलं आणि दुसरी मी.

रोज पहाटे मी गच्चीवर जाते. घरचे झोपलेले असतात. ओठ बाजूला ओढते, पुढच्या दातांवर जीभ दाबून धरते, थोडी हवा निसटू देते, आणि सुरुवात करते. पहिला सूर. दुसरा. मग तिसऱ्याला चुकायचा प्रयत्न करते. अजून जमलेलं नाही.